खालच्या साहेबांचे कान आणि माझा बत्ता

स्वयंपाकघरात मी उताणी पडले होते, उजवा पाय माझं ऐकत नव्हता, आणि हातातल्या लोखंडी बत्त्याने मी जमीन बडवत होते. आवाज येत नव्हता. जिथवर हात पोचत होता तिथवर मॅट होती. बत्ता आपटला की ओल्या गोधडीवर धपाटा घातल्यासारखं नुसतं भप् व्हायचं. ओरडून ओरडून घसा बसला होता. मुलगा पिरंगुटला कंपनीत, सून हिंजवडीला ऑफिसात, दोघं येणार दिवेलागणीला. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. आणि माझ्या बरोबर खालच्या घरात असा माणूस बसला होता, की त्याच्याइतके तिखट कान अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसतील. त्या माणसाला मी ऐकू जात नव्हते, कारण तशी व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती.

हे आमचे खालचे साहेब. मूळचे अमरावतीकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली. परदेशातल्या मुलाने त्यांना नांदे गावातल्या आमच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन दिला, का, तर म्हाताऱ्याला शांतता मिळावी. चहूकडे इमारती उठतायत, दिवसभर डंपर जातायत, तिथे शांतता! पण डंपरबद्दल साहेबांची कधीच तक्रार नव्हती. डंपर गेला तरी त्यांची झोप मोडत नसे. आमच्याकडे चमचा पडला की मोडे. मग झाडूचा दांडा छताला लावून ते ठक ठक करायचे. सून टाचांवर चालते, मुलगा चपला ओढतो, मी बसताना आधी डावा गुडघा टेकते, हे सगळं त्यांनी आमच्या घरात पाऊल न टाकता सांगितलं. एकदा जिन्यात मला म्हणाले, "मावशी, सूनबाईचं आज काही बिनसलं वाटते. कपाट दोनदा लावलं तिनं." बिनसलं होतं खरं. आणि ते माझ्याशीच होतं.

खरं भांडण खलबत्त्याचं. मिक्सरमधला ठेचा मी खात नाही. जमिनीवर बसायचं, एक गुडघा वर, खल पुढ्यात, आणि कुटायचं. भऱ्याला, आमच्या गावच्या घरी, शेणाच्या जमिनीवर सासूने असंच कुटलं, मीही कुटलं. तिथे खाली कुणी राहत नव्हतं. इथे पहिल्याच आठवड्यात साहेब दारात.

"मावशी, काय कुटून राहिल्या तुम्ही? माझ्या डोक्यात पडून राहिलं ना बाप्पा ते!"

"मंग डोकं सरकवून घ्या की सायेब. घर माजं, खल माजा, मिरची भी माजीच हाय."

दुसरा कुणी असता तर सोसायटीच्या मीटिंगला गेला असता. साहेब बाजारात गेले. आधी काथ्याचं पायपुसणं आणलं, मग सतरंजी, मग जाड रबर. शेवटी बालवाडीत घालतात तसले रंगीत चौकोन आणले, कडेला दाते असलेले, एकमेकांत अडकवायचे, वर इंग्रजी अक्षरं. स्वतः गुडघ्यावर रांगत त्यांनी आमचं सगळं घर भरलं. मग परीक्षा. साहेब खाली जाऊन फोन करायचे, "टाका." मी चमचा टाकायची. "आता वाटी." वाटी. "आता तांब्या." तांब्या. "आता एक उडी मारा."

"पंच्याहत्तर वर्सांची हाय मी! तुमच्या आयनं मारली असती का उडी ह्या वयात?"

उडी मी मारली नाही, पण साहेब वर आले ते परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे. म्हणाले, "मावशी, आता तुम्ही पडल्या तरी खाली समजणार नाही!" एवढ्यावर थांबले नाहीत. आम्ही गावी गेलो की चौकोन सरकलेले नीट करायला हवेत म्हणून सुनेकडून घराची एक किल्ली मागून घेतली. सुनेने दिलीही. तिलाही खलबत्ता आवडत नव्हताच.

आणि पडले ते त्यांतल्याच एका चौकोनाच्या वर आलेल्या टोकात अंगठा अडकून. सकाळी दहाचा सुमार. दुखण्यात माणसाला लवकर सुचत नाही. दुपार कलली तेव्हा सुचलं, की हे चौकोन दात्यांनी अडकवलेले आहेत. नखं घालून एक उपसला. खालची फरशी उघडी झाली. तिच्यावर बत्ता हाणला. खण्! तिसऱ्या घावाला खालून दांडा आला, ठक ठक. मी हाणतच राहिले. दांडाही चिडला. कुणी आपल्यावर चिडलंय याचं एवढं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मग बेल. मग दाराबाहेरून, "मावशी, ही काय कुटायची वेळ आहे काय?" मग किल्ली. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, त्यांची नजर आधी फरशीवर गेली. "हा चौकोन काहून काढला?" असं विचारलं आणि मग मी दिसले. काढलेला चौकोन हातात घेऊन ते तसेच उभे. वॉचमनला हाकसुद्धा मीच मारायला लावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा सगळ्या कडा चिकटपट्टीने बसवलेल्या होत्या आणि ओट्यापाशी, न्हाणीपाशी, माझ्या कॉटपाशी एकेक चौकोन काढून फरशी मोकळी ठेवली होती. माफीबिफी काही नाही. म्हणाले, "रोज सकाळी एकदा ठोकायचं." मी ठोकायची, खालून दांडा उत्तर द्यायचा. उशीर झाला की फोन, "आज काहून ठोकलं नाही?" चहा प्यायला की ठोकते म्हणायची, आणि मुद्दाम दोन कप प्यायची.

गेल्या दिवाळीनंतर साहेबांचा मुलगा त्यांना परदेशी घेऊन गेला. तिथे म्हणे लाकडी जमिनी असतात. वर राहणाऱ्यांची कीव येते मला. खाली आता आयटीतलं जोडपं आलंय, गुणाचं आहे, कानात दिवसभर काहीतरी घातलेलं असतं. ठेचा कुटा, खुर्ची ओढा, त्यांची कधी तक्रार नाही. परवा सकाळी मी कॉटपाशी चारदा ठोकून पाहिलं.

मॅट आहेत तशाच आहेत. त्या दिवशी त्यांच्यात अडकून दहापासून दुपार कलेपर्यंत पडून होते ती मी, आणि त्यांतलाच एक उपसून वाचले तीही मीच.