दोन अँटश्राइक आणि उल्का

उल्का सबनीस सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक होती. दक्षिण अमेरिकेतले दोन अँटश्राइक पक्षी इतके सारखे दिसतात, की त्यांचे नर शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाहीत. त्या दोन जाती की एकच, हे आवाजावरून ठरवणं हे तिचं काम. यिशुनच्या घरून रोज एमआरटी मेट्रोने जाऊन तीन वर्षं तिने नुसती रेकॉर्डिंग्ज ऐकली होती. एकाचं गाणं शेवटी वेग घेतं, दुसऱ्याचं एका लयीत संपतं, याची तिला खात्री पटली होती.

लॅबमध्ये दुसरा मराठी माणूस एकच, क्षितिज. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हिला फरक हवाय, म्हणून हिला तो ऐकू येतो. माझ्या रेकॉर्डिंगच्या चाळीस फायलींत एकच जात दोन्ही गाणी गाते."

पुढचे दोन आठवडे उल्काने त्याच्या फायली तपासल्या. नऊ फायलींवर पक्ष्यांची नावं उलटसुलट पडली होती, एकाच्या गाण्यावर दुसऱ्याचं. पुढच्या मीटिंगमध्ये तिने त्या नऊही पडद्यावर लावल्या. लॅबच्या प्राध्यापकांनी दोन जाती मान्य केल्या.

कॉरिडॉरमध्ये क्षितिजने तिला अडवलं. "हे मला एकट्याला सांगता आलं नसतं?"

"तू मला एकटीला सांगितलं होतंस?"

त्यानंतर तो तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागला, तेही कामापुरतं. उल्काने पेपर पाठवण्याआधी आभारांतलं त्याचं नाव काढून टाकलं.