सोलापूरची डाळिंबी चादर आणि माझा चुकलेला पांढरा

पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी सावित्रक्कांकडून चादर घेतली होती आणि हौसेने त्यांच्या स्टॉलचे फोटोही काढले होते. ती ओळख त्यांनी लक्षात ठेवली. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "ताई, आमच्या चादरीचा खरा रंग दिसंल असा फोटो काढून द्याल का? घरात लई वाद चाललाय." फोटोने मिटेल असा वाद आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. शनिवारी पहाटे गाडी काढली.

पुणे-सोलापूर रस्ता उत्तम आहे. मधे एकदाच थांबलात तर पाच तासांत पोचता. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी अधूनमधून दिसत राहतं, पुढे केळी, ऊस आणि उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना घाई करू नका, मी केली आणि चांगलीच तंतरली. टेंभुर्णीजवळ मिसळ खाल्ली, ठीक होती. तिथेच लक्षात आलं की माझं ग्रे कार्ड, म्हणजे रंग अचूक यावेत म्हणून कॅमेऱ्याला दाखवायचा करडा पुठ्ठा, पुण्यात टेबलावरच राहिलं. मनात म्हटलं, त्यात काय, पांढरं काहीतरी मिळेलच.

अक्कांचं घर शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत. पुढे दोन माग, मागे पत्र्याच्या शेडमध्ये सूत रंगवायची भांडी. घरात बोलणं तेलुगूत, माझ्याशी मराठीत. अक्कांचे यजमान नरसय्याअण्णा चाळीस वर्षं सूत रंगवतायत. त्यांची पद्धत ठरलेली: रंगातून काढलेली ओली लडी घेऊन शेडच्या दाराशी यायचं, उजेडात धरायची आणि 'झालं' किंवा 'अजून' म्हणायचं. शेजारी जुना नमुना ठेवायचा नाही. "नमुना बघून रंग लावणारा रंगारी न्हाय मी," ते म्हणाले.

वाद असा होता. त्यांच्या डाळिंबी चादरीला नाव होतं. पण अलीकडे जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली, हा तो रंग नाही. अक्कांनाही तेच वाटत होतं. अण्णा म्हणत, रंग तोच आहे, लोकांच्या जुन्या चादरी विटल्यात. त्यातच महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "ह्या डोळ्याला सगळं निळसर दिसतंय. भरवशाचा न्हाय," असं म्हणून रंग बघताना ते तो डोळा मिटून घेत. गिऱ्हाइकांच्या बोलण्याने माणूस मनातून दुखावला होता. चाळीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं.

अक्कांनी ट्रंकेतून आठ वर्षांपूर्वीची, कधीच न वापरलेली चादर काढली. तिच्याशेजारी नवी ठेवली. मी व्हाइट बॅलन्स लावायला घेतला. नवख्यांसाठी सांगते: कॅमेऱ्याला आधी दाखवायचं असतं की बाबा रे, ह्या उजेडात पांढरं म्हणजे हे. मग बाकीचे रंग तो त्यावरून लावतो. मी दोरीवरचं अण्णांचं शुभ्र धोतर दाखवलं आणि फोटो काढला.

लॅपटॉपवर फोटो आला आणि अण्णा खुलले. नवी चादर सुरेख डाळिंबी, जुनी विटकरी. "बघ! कॅमेऱ्याला तरी खोटं बोलायचं काय कारण?"

अक्का स्क्रीनकडे वाकल्या. मग चादरीच्या कडेला फोटोत आलेल्या स्वतःच्या हातावर त्यांनी बोट ठेवलं. "ताई, मला कावीळ झालीय का हो?"

हात खरंच पिवळा होता. "पांढरं म्हणून काय दावलंत त्याला?" त्यांनी विचारलं. मी धोतराकडे बोट केलं. "अवो, त्याला नीळ दिलीय की! कालच धुतलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निळसर कापडाला पांढरं म्हटल्यावर कॅमेऱ्याने तेवढा निळा कापून टाकला होता आणि सगळ्यावर पिवळी झाक आणली होती. वीस वर्षं कॅमेरा हातात धरून मी नवखीच.

रिक्षाने सोलापूरची नवी पेठ गाठली. गर्दीत गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. तिथल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या चाचांनी ग्रे कार्ड तासाभरासाठी दिलं, वर "संभालके लाना" हेही सांगितलं. परत येऊन अंगणातल्या सावलीत, त्याच जागी, पुन्हा फोटो काढला.

या वेळी अक्कांचा हात हातासारखा होता. जुनी चादर डाळिंबी होती. नवी वांग्याच्या रंगाकडे झुकलेली.

मला तेव्हा कळलं. माझा नीळ खाल्लेला कॅमेरा आणि अण्णांचा ऑपरेशन न झालेला डोळा एकच गोष्ट बघत होते. मोतीबिंदूने डोळ्यावर पिवळा पडदा धरला होता, आणि आठवणीतलं डाळिंब दिसेपर्यंत ते रंगात निळा वाढवत गेले होते. मी ते शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. सांगताना फार वाईट वाटलं.

अण्णांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आधी फोटो पाहिला, मग दोन्ही चादरी. बराच वेळ पाहिल्या.

"किती दिवस झालं?"

"दोन वर्सं," अक्का म्हणाल्या.

"मग बोलली न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हणालात, तुला रंगातलं काय कळतंय."

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं जेवण झालं. चटणी घरी न्यायची तर कुटलेली घ्या, मिक्सरची नको. संध्याकाळी निघायच्या आधी मी शेडमध्ये डोकावले. अण्णांनी रंगातून लडी काढली, दारापर्यंत आले, थांबले आणि अक्कांना हाक मारली. "नुव्वु चूडु." तू बघ. अक्कांनी पदराला हात पुसले, लडी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अजून."

घरी येऊन मी माझे जुने प्रवासाचे फोटो उघडले. बऱ्याच ठिकाणी सोनेरी ऊन मीच वाढवलेलं होतं, छान दिसतं म्हणून. ते आता तसेच राहू देत. पण यापुढे फोटो दाखवताना कुणी 'तिथे असं नव्हतं' म्हणालं, तर वाद घालण्याआधी मी एकदा विचारेन, मग कसं होतं?

परवा अक्कांचा फोन आला. अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मी म्हटलं, "म्हणजे आता रंग परत अण्णाच बघत असतील."

"दिसतंय लख्ख," त्या म्हणाल्या, "तरी लडी माझ्याच हातात देत्यात. म्हणत्यात, डोळं दोन्ही नवं झालं, आता तुझं ऐकायची सवय लावतोय."