अबू घस्सानचा डबा

अबू घस्सान यांनी आयुष्यात प्लंबरला उंबरठा ओलांडू दिला नाही. वायरमनला नाही, सुताराला नाही, रंगाऱ्याला तर नाहीच नाही. "दहा मिनिटांच्या कामाचे आठवड्याच्या भाजीएवढे पैसे घेतात आणि वर आपलीच कॉफी पिऊन जातात," हे त्यांचं या समस्त मंडळींबद्दलचं मत. खरं नाव झुहदी, पण थोरला मुलगा घस्सान जन्मल्यापासून ते अबू घस्सान, म्हणजे घस्सानचे वडील, झाले आणि झुहदी या नावाने त्यांना फक्त निवृत्तिवेतन खातंच हाक मारी. पस्तीस वर्षं अम्मानच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर घर दुरुस्तीला घेतलं. त्यातून घर अजून सावरलेलं नाही.

त्यांची हत्यारं तुपाच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात असत. डबा उघडल्याचा आवाज आला की त्यांची बायको, उम्म घस्सान, हातातलं काम टाकून उभी राही. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. स्वयंपाकघराचं दार उचलून, जरा डावीकडे ढकलून मग उघडावं लागे. दारावरची घंटा दाबली की घंटा वाजत नसे, न्हाणीघरातला दिवा लागे. पाहुणा आलाय हे बाहेर बसलेल्यांना कळायचंच नाही, आत अंघोळीला गेलेल्याला मात्र बरोबर कळायचं. पाण्याची घरातली मुख्य चावी अबू घस्साननी दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केली होती. तेव्हापासून ती छान फिरे, फक्त बंद होत नसे.

पण त्यांचा खरा अभिमान गच्चीवर होता. अश्रफियाच्या चढावरच्या त्या इमारतीत पाणी बुधवारी येई, आठवड्यातून एकदा. ज्याच्या त्याच्या टाकीत जेवढं भरेल तेवढ्यावर पुढचा बुधवार गाठायचा. गेल्या वर्षी अबू घस्सान यांचा टाकीखालचा पाइप सडला. त्याला लागूनच वरच्या मजल्यावरच्या हाज्जा वजीहाचा पाइप होता, तोही सडलेला. हाज्जा एकटी, विधवा, पंच्याहत्तरीची. "तुमचाही मीच बदलून देतो," असं म्हणून त्यांनी दोन्ही कामं अंगावर घेतली. भूगोलाचा माणूस, तेव्हा आधी नकाशा आला. मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं राहून त्यांनी रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला: डावीकडचा आपला, लाल, उजवीकडचा हाज्जाचा, निळा. मग तो नकाशा घेऊन ते गच्चीवर गेले, अंगणाकडे तोंड करून उभे राहिले आणि डावा तो डावा, उजवा तो उजवा, असे बिनचूक जोडून मोकळे झाले.

त्यानंतर घरात पाणी पुरेना. एवढी मोठी टाकी, आणि शनिवारी नळ खाकरायला लागत. अबू घस्सान यांनी निष्कर्ष काढला की बायका पाणी उधळतात. न्हाणीघराच्या दारावर नियमांचा कागद लागला. भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं कुंडीला. अंघोळीला एक बादली. केस धुवायला एक तांब्या जास्त, तोही विचारून. धाकट्या सिरीनचे केस कमरेपर्यंत होते. उन्हाळ्यात एके दिवशी ती मानेपर्यंत कापून आली. "याला म्हणतात नियोजन," अबू घस्सान म्हणाले.

वर हाज्जाच्या टाकीत मात्र अल्लाची बरकत उतरली होती. पिंपाएवढी टाकी, पण पाणी सरतच नसे. ती रोज नळी लावून जिना धुई, पुदिन्याच्या कुंड्यांना दोन वेळा पाणी घाली. अबू घस्सान ओल्या पायऱ्यांवरून जपून उतरताना तिला सांगत, "हाज्जा, एकट्या बाईला एवढं पाणी लागतं? आमच्याकडे बघा जरा."

अशात सिरीनला स्थळ आलं. मुलगा सॉल्ट गावचा, मुहन्नद नावाचा, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जाहा यायची ठरली. तीस-पस्तीस वडीलधारे पुरुष येणार, त्यांच्यातला मोठा कॉफीचा पेला पुढ्यात ठेवून मुलगी मागणार, आणि बापाने 'प्या कॉफी' म्हणेपर्यंत पेल्याला कोणी ओठ लावणार नाही.

दर्शनी खोलीतल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. बुधवारी उम्म घस्साननी विषय काढला.

"प्लंबर बोलवा. या एका वेळेला माझं ऐका."

"एका वॉशरसाठी?"

"मग हात लावू नका. ठिबकू दे. पण शुक्रवारी तुमच्या हाताने काही झालं ना, तर तो डबा या घरात राहणार नाही. मी तरी राहीन किंवा डबा तरी."

"बाबा, खरंच नका हात लावू," सिरीन म्हणाली. "शुक्रवार होईपर्यंत तरी."

अबू घस्साननी कबूल केलं. गुरुवार पार पडला. शुक्रवारी जेवण झालं, गालिचे झटकून झाले, भाड्याच्या खुर्च्या मांडून झाल्या. खोलीत एकटे अबू घस्सान, नवा सूट, आणि टिप्, टिप्. सॉल्टची माणसं इथे बसणार. मुलगी मागण्याचं बोलणं चालू असताना सगळी खोली हेच ऐकणार. त्यांनी डबा उघडला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पाना त्यांच्या सूटच्या खिशातच होता.

एकच वेढा आवळायचा होता. नळ हातात आला.

पाणी आधी छतावर उडालं, मग समोरच्या भिंतीवर, मग गालिच्यावर. उम्म घस्सान धावत आली आणि कपाळाला हात लावून तिथेच थांबली.

"मुख्य चावी..." म्हणता म्हणता तिलाच आठवलं.

"घाबरू नका, वरून बंद करतो," म्हणत अबू घस्सान तीन मजले चढले. लाल रंगवलेला पाइप, त्यावरची लाल चावी. त्यांनी ती आवळून बंद केली आणि कठड्यावरून वाकून विचारलं, "थांबलं का?"

"वाढलंय," खालून आवाज आला.

त्यांनी उघडून पुन्हा बंद केली, तोवर जिन्यात चपला वाजल्या. हाज्जा वजीहा. अंगावर झगा, डोक्यावर फेसाचा डोंगर, एक डोळा मिटलेला.

"अबू घस्सान, माझं पाणी का तोडलंस रे? जाहा येणार म्हणून डोकं धुवायला बसले मी."

"तुमचं नाही, हाज्जा. ही चावी माझी आहे. लाल."

"माझ्या डोळ्यात साबण चाललाय आणि तू मला रंग सांगतोस? उघड."

त्यांनी उघडली. हाज्जाने खाली जाऊन ओरडून सांगितलं, "आलं." बंद केली. "गेलं." उघडली. "आलं. अरे, खेळतोस काय?"

अबू घस्सान लाल चावी धरून उभे राहिले. मग हळूच जाऊन त्यांनी हाज्जाची निळी चावी बंद केली. खालून उम्म घस्सान म्हणाली, "थांबलं." पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना बजावलं होतं, की नकाशा वाचताना आधी आपलं तोंड कुठे आहे ते बघा. या चुकीसाठी त्यांनी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं होतं. वर्षभर ते स्वतःच्या टाकीतून हाज्जाचा जिना धूत होते आणि स्वतःच्या मुलीला तांब्या मोजून देत होते. त्यांना अतोनात लाज वाटली. जिन्याच्या तोंडाशी सिरीन येऊन उभी होती आणि सगळं तिने ऐकलं होतं. तिने नुसते मानेवरचे आखूड केस कानामागे सारले. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढचं घाईत झालं. गालिचे गच्चीवर गेले. हाज्जाने आपल्याकडून, म्हणजे खरं तर त्यांच्याच टाकीतून, कॉफीचं पाणी पाठवलं. न्हाणीघरातला दिवा लागला आणि उम्म घस्सान म्हणाली, "आले."

सॉल्टची मंडळी ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत बसली. मुहन्नदचा काका, अबू राकान, याने पेला पुढ्यात ठेवला, दोन्ही घराण्यांची तारीफ केली, सिरीनचा हात मागितला. मोठं उत्तर अबू घस्साननी आठवडाभर पाठ केलं होतं. ते त्यांना आठवेना.

"प्या कॉफी," ते म्हणाले. "आमच्याकडून काही अट नाही. फक्त तुमच्या घरी तिला पाणी भरपूर मिळू दे."

अबू राकानला वाटलं, हा काहीतरी खोल अर्थाचा आशीर्वाद आहे. त्याने मान डोलावली आणि पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरातला दिवा पुन्हा लागला. दारात हाज्जा वजीहा, तिच्या मागे इमारतीतल्या सहा बायका, सगळ्या ठेवणीतल्या कपड्यांत. त्या ओळीने आत येऊन बसल्या. सिरीन कॉफी घेऊन आली. हाज्जाने पेला घेतला आणि पुढ्यातल्या टेबलावर ठेवला. बाकीच्या सहांनीही ठेवला.

"घ्या ना, हाज्जा," अबू घस्सान म्हणाले.

"आम्ही मागायला आलोय, अबू घस्सान. उम्म घस्सानच्या वतीने. तू इभ्रतीचा माणूस, तुझ्या दारातून जाहा कधी रिकामी गेली नाही." हाज्जाने घसा साफ केला. "तुझा डबा दे."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर त्यांना थट्टेवारी नेता आलं असतं. सात पेले, आणि वाफ कमी कमी होत चाललेली. आदल्या दिवशी मुलगी द्यायला त्यांना तीन वाक्यं लागली होती. आता घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ती नजर चुकवून पडद्याचा काठ नीट करत होती.

"पाना माझ्याकडे राहील," ते शेवटी म्हणाले. "एवढी तरी अट ठेवू द्या."

"पाना आधी दे," हाज्जा म्हणाली.

सिरीन रिकामा ट्रे घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं, तिच्या मानेपर्यंतच्या केसांकडे. मग खिशातून पाना काढून टेबलावर पेल्यांच्या मधोमध ठेवला.

"प्या कॉफी," अबू घस्सान म्हणाले.