तेवढाच श्वास

त्या दिवशी मी गणपतीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत आरतीचा शेवटचा लांब सूर ह्यांचाच असायचा. बाकीचे दमून गप्प व्हायचे, टाळ थांबायचे, तरी आमच्या ह्यांचा सूर चालूच. पोरं टाळ्या पिटायची. त्याच माणसाच्या फुप्फुसात गाठ निघावी? तुझ्यासाठीच तर ह्यांनी छाती झिजवली, असं मी देव्हाऱ्यापुढे उभं राहून त्याला सुनावलं.

ठाण्यात घोडबंदर रोडजवळच्या हॉस्पिटलात किरणोपचार ठरले. किरण सोडताना श्वास भरून रोखायचा, म्हणजे गाठ हलत नाही. मात्र श्वास दर वेळी सारखाच हवा. पडद्यावर हिरवी पट्टी असते, श्वासाची रेघ तिच्यातच राहिली पाहिजे. उपचाराआधी त्याचा सराव होता. ते ऐकून आमची स्वारी खूश. "श्वास धरण्यात मला कोण हरवणार!" झालं! दर वेळी हे छाती फुगवायचे, रेघ पट्टीच्या वर जायची आणि मग खोकल्याची उबळ. मशीनवरची मुलगी परत परत सांगत होती, "काका, जास्त नको. तेवढाच घ्या ना." शेवटी डॉक्टर म्हणाले, दुपारी आणखी एकदा बघू. नाही जमलं तर साध्या श्वासावर करू, पण मग चांगल्या फुप्फुसावरही जास्त किरण जातील. मला तो सूर परत हवा होता हो, दुसरं काही नको होतं.

बाहेर बाकावरसुद्धा हे छाती फुगवून बघत होते. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या, आंबिवलीहून उपचारासाठी आलेल्या. हसून म्हणाल्या, "दादा, कोणाला हरवायचंय? आरतीची एक ओळ म्हणायला लागतो, तेवढाच श्वास घ्या की. आणि मनातल्या मनात ती ओळ म्हणा. मीपण तेच करते." हे एरवी कोणाचं ऐकतील तर शपथ! पण तेव्हा डोळे मिटून बसले.

दुपारी त्या मुलीने मला बाहेरच्या पडद्यावर रेघ दाखवली. ती वर चढली, पट्टीत शिरली आणि तिथेच राहिली. पुन्हा घेतलेला श्वासही तेवढाच. मी सांगायला धावत बाकाकडे आले, तर तिथे कोणी नव्हतं. पुढे रोज शोधलं, त्या बाई काही दिसल्या नाहीत. त्यांचे उपचार संपले असतील. त्या दिवशी मी घरी येऊन देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि खूप रडले.

उपचार पार पडले. गाठ लहान झाली आहे, तपासण्या चालू आहेत. यंदा गणपतीत आरती शेवटाला आली, तेव्हा सवयीने सगळे ह्यांच्यासाठी थांबले. ह्यांनी एक ओळ म्हटली आणि हात जोडले. पोरं वाट बघत राहिली. तो जुना सूर ऐकायला माझे कान आसुसले होते, अजूनही आसुसतात. पण डोळे मिटल्यावर मनातून मागणं निघालं ते वेगळंच. आजच्याएवढाच श्वास उद्याही दे, बाप्पा. जास्त नको.