लंकाबाई आणि परसातला मांडव

लंकाबाई जळत होत्या, आणि त्याही स्वतःच्या सुनेवर. यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. सासू सुनेवर जळणार नाही तर कोणावर? पण तिथे कारण ठरलेलं असतं. मुलगा बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो, आईला विसरला, वगैरे. लंकाबाईंचा रोहित बायकोचंही ऐकत होता, आईचंही ऐकत होता, आणि अंबडच्या कंपनीतल्या पाळ्यांमुळे दोघींच्याही वाट्याला फारसा येत नव्हता. त्याच्याबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. त्या जळत होत्या नवऱ्यावरून.

आता कोणी भलता अर्थ काढू नये. वाल्मीकराव म्हणजे सरळमार्गी माणूस. सून त्यांना नाना म्हणायची आणि त्यांना ती लेकीसारखी होती. खरं तर लेक नसल्यामुळे लेकीपेक्षा जास्तच होती. लंकाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्यानं पोटातलं दुखणं कमी होत असतं तर जगात कोणीच कोणावर जळलं नसतं.

वाल्मीकरावांच्या बोलण्याचा हिशेब सोपा होता. घराबाहेर कामापुरतं बोलायचं आणि घरात त्याहून कमी. तरुणपणी ते सायखेड्याच्या आजूबाजूला लोकांच्या द्राक्षबागांत तारा ओढायचं काम करायचे. पुढे कारखान्यात फिटर झाले, पाथर्डी फाट्याकडे रो हाऊस घेतलं, निवृत्त झाले. या सगळ्या वर्षांत लंकाबाईंनी जेव्हा जेव्हा एखाद्या गोष्टीत तोंड घातलं, तेव्हा एकच उत्तर मिळालं. "तुला काय कळतं!"

घर बघायला गेले तेव्हा लंकाबाई म्हणाल्या होत्या, "सैपाकघरात उजेड नाय." तुला काय कळतं! स्कूटर घेताना म्हणाल्या, "निळी घ्या." तुला काय कळतं! यात राग नसायचा, तिरस्कार नसायचा. माणूस जसा "पंखा लाव" म्हणतो, तसं ते म्हणायचे. रागानं म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि एक मागणं लंकाबाईंचं फार जुनं होतं. परसात धुण्याचा दगड होता, त्यावर दुपारी ऊन असं पडायचं की डोकं तापून निघायचं. "इथं काहीतरी सावली करा हो," त्या म्हणायच्या. त्यावर मात्र "तुला काय कळतं" येत नसे. त्यावर "बघू" येत असे. रोहित शाळेत होता तेव्हापासून ते बघत होते. रोहितचं लग्न झालं तरी बघणं संपलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी हर्षाली मोबाइल घेऊन सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली. ती पंचवटीत वाढलेली, घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करणारी, बोलायला मोकळी. "नाना, हे बघा. याला पर्गोला म्हणतात. लोक घरच्या घरी करतात. आपण मागे करूया का?"

वाल्मीकरावांनी चष्मा लावला. व्हिडिओत कुणी गोरा माणूस चार खांब रोवत होता, वर आडव्या तुळया टाकत होता, त्यावर पट्ट्या ठोकत होता. वाल्मीकराव पुढे वाकले, आणि एकदम हसले.

"आगं, हा तर आपला मांडव! द्राक्षाला करतात तसा. फक्त तारेच्या जागी लाकूड. असले मी कितीतरी केले." आणि मग ते वळून सुनेला म्हणाले, "कुठनं कुठवर घ्यायचा? तुला काय वाटतं?"

लंकाबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. आपण चुकीचं ऐकलं असं त्यांना आधी वाटलं. तुला काय वाटतं! हे शब्द या माणसाच्या तोंडात होते तर! फक्त ते बाहेर यायला समोर दुसरं माणूस लागत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. सासरा आणि सून टेप घेऊन परसात उभे. कागदावर चित्र काढणं, खोडणं, पुन्हा काढणं. "नाना, पट्ट्या जवळ जवळ घेतल्या तर सावली जास्त पडेल ना?" "पडंल की. पण द्राक्षाचा वेल सोडायचा म्हटल्यावर उजेड पायजे. तुला काय वाटतं?" दिवसातून किती वेळा हा प्रश्न विचारला जात होता याची गणती नाही, आणि दर वेळी तो लंकाबाईंच्या कानात मिरचीसारखा झोंबत होता. धुण्याच्या दगडाबद्दल दोघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. चित्रात तिथे दोन खुर्च्या आणि चहाचं टेबल होतं.

लंकाबाईंना लेक नसल्यानं लेकी बोले सुने लागे हा मार्ग बंद होता. मग त्यांनी मांजराला धरलं. "माजलीस तू! आल्या दिवसापासून डोक्यावर बसवून ठेवलीय तुला!" असं त्या दुधाच्या पातेल्याजवळ ओरडायच्या. हर्षाली आतून विचारायची, "आई, मनी परत आली का?" पोरगी खरंच साधी होती की साधेपणाचा आव आणत होती, हेच कळेना. त्यानं आणखी चीड यायची.

पर्गोल्याला त्या मुद्दाम परगोळा म्हणायच्या. "झाला का तुमचा परगोळा?"

"पर्गोला, आई."

"तेच ते."

पण खरा भडका उडाला तो शर्टामुळे. दोघं स्कूटरवरून द्वारका चौकाजवळच्या वखारीत लाकूड बघायला गेले होते आणि दुपार टळल्यावर परतले. संध्याकाळी लंकाबाई नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतात तर खिशाच्या खाली लाल, तेलकट डाग. त्यांनी वास घेतला. मिसळ! तर्रीचा डाग, दुसरं काही असूच शकत नाही. याच माणसानं आयुष्यभर त्यांना सांगितलं होतं की बाहेरचं खाऊन पोट बिघडतं. लग्नानंतर एकदा त्यांनी मिसळीचं नाव काढलं होतं तर म्हणाला होता, घरी कर. त्यांनी घरी केली होती. आणि आता सुनेबरोबर पापड मोडून, पाव बुडवून, डाग पाडून घेऊन आला!

त्यांनी तो डाग दगडावर असा घासला की शर्टाचा खिसा उसवला. पोराच्या नव्हे, सुनेच्या नव्हे, नवऱ्याच्या मिसळीवर आपण जळतो आहोत, याची त्यांना लाज वाटली. पण जळणं काही थांबलं नाही. मिसळीचं काय एवढं, असं त्या स्वतःला समजावत होत्या, आणि मनात चित्र उभं राहत होतं की बाकावर समोरासमोर बसून तो हिला विचारतोय, "तिखट चालंल ना? तुला काय वाटतं?"

लाकूड आलं. तुळया वखारीतच मापानं कापून आणल्या होत्या. वाल्मीकराव सुनेला म्हणाले, "खुणा तू कर. मी खड्डे घेतो." हर्षालीनं टेप लावून चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या, त्यांना सुतळी बांधली, आणि मीटिंग आहे म्हणून वर गेली. वाल्मीकराव सिमेंट आणायला गेले. परसात लंकाबाई एकट्या राहिल्या, हातात खराटा.

एक खुंटी नेमकी धुण्याच्या दगडाशेजारी होती. लंकाबाई झाडत झाडत तिच्यापाशी आल्या. त्या खुंटीकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. मग इकडेतिकडे पाहिलं. आणि खाली वाकून ती उपटली, वीतभर बाहेर सरकवली, वर दगडानं दोन ठोके दिले, सुतळी पुन्हा ताणून बांधली, जुन्या भोकावर माती सारून वरून खराटा फिरवला. धसका वाटून त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. पण सांगायला हरकत नाही, बरंही वाटत होतं. किती दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

वाल्मीकरावांनी आल्या आल्या खड्डे घेतले. ओळंबा धरून प्रत्येक खांब सरळ उभा आहे ना ते पाहिलं, खडी-सिमेंट ओतलं. खांब सरळच होते. फक्त चौकोन गुण्यात आहे का, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का, हे त्यांनी पाहिलं नाही. सुनेनं मोजलंय म्हटल्यावर पाहायचं काय?

सिमेंट वाळलं. रोहितच्या सुट्टीच्या दिवशी तुळया चढवायच्या ठरल्या. एक तुळई बसली. दुसरीचं एक टोक रोहितनं धरलं, दुसरं वाल्मीकरावांनी. रोहितकडचं टोक खांबावर बसलं, आणि वाल्मीकरावांकडचं खांबाच्या अलीकडेच हवेत लटकलं. त्यांनी ओढून पाहिलं. लाकूड काय ओढल्यानं वाढतं? मग त्यांनी टेप काढला, खांबाखांबांत धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून दोनतीन शेजारी बघत होते. आपणच माप पडताळलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि स्वतःची चूक असली की माणसाचा आवाज चढतो.

"काय मोजून राहिली होती गं तू? हां? वीतभर फरक!"

"नाना, मी नीट मोजलं होतं. दोनदा..."

"काय नीट? मोबाइलात बघून कामं होतात काय? उगं तुझ्या नादी लागलो. तुला काय कळतं!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लंकाबाईंनी ते ऐकलं. आणि खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात लाडू फुटला. आली का जमिनीवर! बस आता माझ्या पंगतीला!

रोहितनं बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि दूध संपलंय म्हणून पिशवी घेऊन सटकला. हर्षालीनं सासऱ्यांच्या हातातला टेप घेतला. तो गुंडाळून तिनं पायरीवर ठेवला आणि सासूच्या शेजारून आत गेली. आत जाऊन तिनं मोरीतला नळ सोडला आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.

लंकाबाईंनी वळून पाहिलं. कप स्वच्छ होते, त्यांनीच सकाळी घासले होते. नळ मात्र पूर्ण सोडलेला. तो का सोडतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. नळाच्या आवाजात नाक ओढलेलं बाहेर ऐकू जात नाही. ही युक्ती त्यांची होती. या घरात आल्या वर्षापासूनची, याच नळाखालची. पोरीला ती कोणी शिकवली नव्हती, तिची तिलाच सापडली होती, आणि ती सापडावी अशी सोय लंकाबाईंनी स्वतःच्या हातानं केली होती.

मनातला लाडू घशात अडकला. त्या तशाच परसात गेल्या.

"खुंटी मी सरकवली," त्या म्हणाल्या.

वाल्मीकरावांना आधी कळलंच नाही. "काय?"

"दगडाजवळची. मी उपटली न् मीच ठोकली. तिचं माप बराबर होतं."

"डोकं फिरलं काय तुझं? कशापायी?"

"जळले म्हणून." शेजारी बघत होते, बघू देत. "सुनेवर जळले मी. लय जळले."

"या मांडवापायी?"

"मांडवाचं काय घेऊन बसले! तुम्ही तिला इचारता. उठता इचारता, बसता इचारता, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. मला एकदा तरी इचारलं? या दगडावर माझं डोकं भाजून निघालं, तिथं काय हवं ते बी मला इचारलं नाय. मिसळ सुदिक तिला खाऊ घातली."

मिसळीचं तोंडातून निसटलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाल्मीकराव पायरीवरच्या टेपकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं. "तुला काय..." एवढं बाहेर आलं आणि पुढचा शब्द येईना. सवयीचा शब्द जिभेवर होता, पण आज तो उच्चारायची सोय नव्हती. दुसरा शब्द या बाईसमोर कधी वापरलाच नव्हता. ते तसेच उभे राहिले, म्हातारे आणि गोंधळलेले. लंकाबाईंना त्यांची दया आली आणि रागही आला.

"मला नंतर बोला," त्या म्हणाल्या. "आधी आत जा. पोरगी नळ सोडून उभी हाय. तुमची चूक झाली म्हणा तिला. माझी झाली ते मी सांगते मागून."

"मी म्हणू?"

"मग काय मांजर म्हणंल?"

वाल्मीकराव आत गेले. आयुष्यात कधी चूक झाली म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे कसं म्हटलं असेल देव जाणे. लंकाबाईंना शब्द ऐकू आले नाहीत. नळ वाहत होता, तो थांबला. मग हर्षालीचा ओला आवाज, मग नानांचं काहीतरी पुटपुटणं, आणि मग दोघंही हसली. चांगली खळखळून हसली.

आणि लंकाबाई पुन्हा जळल्या. आत्ताच्या आत्ता, आपणच पाठवलेलं असताना! कशाला हसतायत? मिसळीलाच हसत असणार. त्या जरा वेळ वाट बघत उभ्या राहिल्या. आता येतील, आता विचारतील. कोणी आलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं.

त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली. दगडाभोवती एक फेरी मारली. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी कुठे सरकतं, पाठीवर कधी पडतं, हे त्यांच्या अंगालाच पाठ होतं. कागदावर काढायची गरज नव्हती. दगड पूर्ण सावलीत येईल अशा बेतानं त्यांनी पहारीच्या टोकानं जमिनीवर फुली मारली. मग दाराकडे तोंड करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"अहो! हसून झालं असंल तर या दोघंबी. खांब इथं येणार. आणि मांडवावर द्राक्षं नाय, घोसाळी चढवायची. मला तसं वाटतं!"