डाव्या हाताचं पातं

डावरीला कलमं बांधायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तेवढंच. नर्सरीत पाणी घालणाऱ्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तिला डावरीच म्हणत. तिच्या हातची शंभरातली नव्वद कलमं लागायची. मागच्या हंगामात साठच लागली. बाकीची वाळून काडी झाली.

धाकटे मालक तसे वाईट नव्हते. लहानपणी तिच्याच पायांत घोटाळत त्यांनी रोपं तुडवली होती, त्यामुळे बोलताना त्यांचा घसा दोनदा खाकरून झाला.

"मावशी, या खेपेला आधी दोनशे बांधून बघू. दीडशे लागली तर तुमचं काम तुमच्याकडे. नाहीतर... पिशव्या भरायला माणूस कमी पडतंच आहे."

पिशव्या भरायच्या म्हणजे दिवसभर माती-खताच्या ढिगाशी उकिडवं बसायचं. काल लागलेली पोरगीसुद्धा तेच करते. अठ्ठावीस वर्षांनी फिरून तिथंच! डावरीच्या जिभेवर शिवी आली होती, ती तिने गिळली.

"दोष हाताचा नाही, चाकूचा आहे," ती म्हणाली आणि संध्याकाळी थेट लोहाराकडे गेली.

चाकू सासूकडून आलेला. धार लावून लावून पातं करंगळीएवढं उरलं होतं. लोहार नवऱ्याचा जुना दोस्त. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याखाली त्याची भट्टी.

"भाऊजी, मरेपर्यंत टिकेल असा चाकू करून द्या."

"कुणाच्या मरेपर्यंत, वहिनी? तुमच्या की माझ्या?"

"माझ्या. तुमचं काय, तुम्ही धुरावर धरलेले, तुम्हाला कीड लागायची नाही."

लोहार खदखदून हसला आणि त्याने ऐरणीवर तीन तुकडे मांडले. एक जुनी कानस, एक ट्रकच्या कमानीचा पाटा आणि एक चकचकीत स्टेनलेसची पट्टी. डावरीचा हात चकचकीत पट्टीवर गेला.

"ही गंजत नाही ना? झाडाचा चीक लागला की माझं पातं तासाभरात काळं पडतं."

"गंजत नाही, खरं. पण धार कशावर लावता?"

तिने कनवटीचा दगड काढला. मधोमध झिजून त्याची वाटी झाली होती.

"या दगडाने हिला नुसत्या गुदगुल्या होतील," लोहार म्हणाला. "हा कमानीचा पाटा बघा. घण घातला तरी मोडायचा नाही. पण तुमचं काम काय घणाचं आहे? पन्नास काप झाले की धार बसेल. कानशीचं पोलाद तीनशे काप काढील. फक्त त्याचा स्वभाव तुसडा. टोकाने काही उचकटलंत की टवका उडालाच. तुम्ही उचकटत नाही ना?"

"छे!"

लोहाराने एक ओली फांदी तिच्यापुढे धरली. "करून दाखवा."

डावरीने तिचीच एक बारीक काडी तोडली आणि दोन्हीकडून तिरपा काप घेऊन पाचर केली. मग जाड फांदी मधोमध चिरली, चिरेत चाकूचं टोक घातलं आणि पिळलं.

"छे म्हणाला होतात."

"हे कसलं उचकटणं? काडीला आत जायला जरा वाट करून दिली."

लोहार आणखी काही बोलणार होता, पण त्याने पाचर उजेडात धरली आणि त्याचं हसू थांबलं. काप सरळ नव्हता, पन्हाळीसारखा खोलगट होता. त्याने तिच्या हातातलं पातं उलटंपालटं करून बघितलं.

"वहिनी, हा उजव्या हाताचा चाकू आहे. एका अंगाने सपाट, एका अंगाने उतार. सपाट अंग लाकडावर टेकलं तरच काप सरळ येतो. तुमच्या हातात ते उलटं पडतंय."

"सासूबाई उजव्या होत्या. मला काय माहीत, चाकूलाही हात असतो म्हणून!"

"इतकी वर्षं मनगट पिळून भागवलंत. आता मनगट पहिल्याइतकं पिळेना, म्हणून काप खोल जातो. लाकडाला लाकूड टेकतच नाही, तर कलम लागणार कसं? सोन्याचं पातं घेतलं असतंत तरी हेच झालं असतं."

डावरीने आपलं मनगट दुसऱ्या हाताने दाबून बघितलं. रात्री ते ठणकायचं. वय झालं म्हणून ती तेल चोळायची.

पोलाद कानशीचं ठरलं. लोहार म्हणाला, "धार कडक ठेवतो, पाठ तापवून नरम करतो. टोक वाकेल, पण तुटायचं नाही. उतार तुमच्या हाताचा. रोज पुसून तेलाचं बोट फिरवायचं. आळस केलात आणि गंजलं, तर माझ्या नावाने खडे फोडू नका."

चौथ्या दिवशी चाकू आला. मूठ अशी बसली, जणू हाताचं माप घेऊनच घडवली होती. पहिल्याच कापाला पातं लाकडात घुसलं आणि काडीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला अंगठ्याची साल गेली. मनगट सवयीने आपोआप पिळत होतं.

अंगठ्याला चिंधी गुंडाळून ती भट्टीवर धडकली. "तुमच्या शहाणपणापायी माझ्या पोटावर पाय येणार!"

"उतार फिरवून देऊ? मग जुनं दुखणं जसंच्या तसं परत."

हंगामाला बारा दिवस होते. तिने चाकू पुढे केला. लोहाराने हात पुढे करताच तिने तो मागे घेतला.

"राहू द्या."

घरी तिने एक सपाट लाकडी पट्टी मनगटाला फडक्याने करकचून बांधली, म्हणजे ते पिळणारच नाही, आणि कुंपणाच्या झुडपाच्या काड्या कापायला बसली. रोज शंभर काप. आठवड्यात कुंपण बोडकं झालं.

"अगं, आता शेजाऱ्याचं पण थोडं घे," नवरा म्हणाला. "आणि शेजारीण विचारत होती, नवऱ्याने हात मोडला का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझी कुठली छाती?"

काप सरळ येऊ लागले, पण पट्टी होती तोवरच. परीक्षेच्या पहिल्या दिवशी नर्सरीतल्या बायकांसमोर हाताला लाकूड बांधून बसायची तिला लाज वाटली. पट्टी पिशवीतच राहिली. दुपारपर्यंत पन्नास बांधून झाली आणि मनगट पुन्हा पिळतंय हे तिला कळलं. मग तिने सगळ्यांदेखत पट्टी काढली आणि दाताने गाठ आवळली. बायका हसल्या. हसू दे.

पाच आठवड्यांनी धाकटे मालक मोजायला आले. रांगेच्या सुरुवातीपासून मोजू लागले. मेलं, मेलं, एक जिवंत, परत मेलं. पहिल्या पन्नासांत एकतीस वाळलेली. मालक थांबले.

"मावशी..."

"पुढे चला."

पुढच्या दीडशेंत अकरा गेली होती. बाकी साऱ्यांना तांबूस कोंब. मालकांनी बोटांवर हिशेब केला, परत केला. "एकशे अठ्ठावन्न. काम तुमचं."

"पहिली मी लाजेने मारली," डावरी म्हणाली. ती वाळलेल्या रोपांपाशी वाकली होती. एका खोडाची साल तिने नखाने खरवडली, आत हिरवं होतं. "ह्यांचे खालचे खुंट अजून जिते आहेत. ताज्या काड्या द्या पाठवून. आजच बांधते."