औटकी आणि डावा कान

आमच्या सोलापूरच्या शाळेत मास्तर स्वतः फारसं मारत नसत. ते काम त्यांनी आमच्यावरच सोपवलं होतं. ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यायची. हात हलका पडला, की मास्तर उठत आणि मारणाऱ्यालाच एक ठेवून देत. इन्स्पेक्टरसाहेबांना आमच्या चिडीचूप वर्गाचं फार कौतुक. मधल्या सुट्टीत हीच पोरं विहिरीमागं एकमेकांचे दात पाडायची, ते त्यांना कोण दाखवणार?

मुलींची शाळा लांब, म्हणून मी दादाच्या शाळेत. तो एकदा नापास झालेला, त्यामुळे दोघं एकाच वर्गात. आमचे आप्पा गिरणीत कारकून. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "शाळेतली एक भानगड घरी आली, की तुझी शाळा बंद."

घरी दादा मला लाथा घालायचा आणि आई म्हणायची, "पोरगा हाय, सोस की." शाळेत मात्र उत्तर आलं, की त्याचा गाल माझा! त्या गालासाठीच मी पाढे पाठ केले. पावकी, निमकी, दिडकी, सगळं घडाघडा. ओळीतून मारत मारत दादापाशी आले, की मी हात चांगला मागं न्यायची. मजा वाटायची. का वाटू नये?

मग दादाही पेटला. रोज औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकायला लागला. एका सकाळी मास्तरांनी नेमकी औटकीच विचारली. मी मध्येच अडखळले आणि दादा धडाधड म्हणून मोकळा झाला.

तो माझ्यासमोर आला. पहिली हलकीच बसली. मास्तर गरजले, "हातात जीव न्हाय व्हय रे? दाखवू का?"

तशी त्यानं दात खाऊन माझ्या डाव्या कानशिलात हाणली. आत काहीतरी फाटलं. मी खाली पडले, मानेवर रक्त ओघळलं.

"शाब्बास! आता बसली," मास्तर म्हणाले.

मानेवरचं रक्त मी धुऊन टाकलं. वाटेत दादा रडत होता. "आप्पांस्नी सांगनार हाईस?"

"सांगितलं तर शाळा माझीच सुटंल की," मी ओरडले.

आईला सांगितलं, कानात किडा गेलाय. तिनं लसूण घालून तेल कढवलं आणि दादाला माझं डोकं घट्ट धरायला लावलं. गरम तेल त्या फाटक्या कानात उतरलं तेव्हा मी दादाच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावले. त्यानं हात काढला नाही.

"मेला का गं किडा?" आईनं विचारलं.

"मेला," मी म्हटलं.

शाळा राहिली. मी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकले. त्या कानानं मात्र पुन्हा ऐकू आलं नाही.

दादानं कधी माफी मागितली नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो. पण म्हातारा होईपर्यंत, कुठल्याही लग्नाच्या पंगतीत माझ्या डावीकडचं पान रिकामं असलं, तरी तो मला वळसा घालून उजवीकडं येऊन बसायचा.